खाते क्रमांक नऊ

माझी आई असेपर्यंत शेजारणींना सांगायची, "आमचा मोठा कॉम्प्युटरवर लोकायचे नावं काढते." बुलढाण्यातल्या एका लहानशा ऑफिसात मी बारा वर्षं जे काम केलं, त्याचं याहून नेमकं वर्णन मलाही जमलेलं नाही.

त्याआधी नऊ वर्षं मी एका बियाणे कंपनीचा जिल्हा प्रतिनिधी होतो. काम तसं हेच, फक्त एसटीने. नांदुऱ्याला उतरायचं, बाजारपेठेतून पायी फिरायचं, कोणत्या कृषी केंद्रात मालक स्वतः ठरवतो आणि कोणत्या केंद्रात त्याचा जावई, हे पाहून वहीत लिहायचं. कंपनीने जिल्ह्यातली माणसं कमी केली तेव्हा माझ्याजवळ अशा चौदा वह्या होत्या. संदीप सरांनी मला घेतलं ते त्या वह्या चाळून. सर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पुण्यात काही वर्षं काढून गावी परतलेले. मुलाखतीत एवढंच म्हणाले, "दादा, टायपिंग कोणालेही शिकवता येते. हे नाई शिकवता येत."

ऑफिस बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर, स्टेशनरीच्या दुकानावर. एक खोली, पाच संगणक, सहा खुर्च्या. सहावी खुर्ची येणाऱ्या गिऱ्हाइकाची, पण गिऱ्हाईक प्रत्यक्ष येणं विरळाच, म्हणून तिच्यावर डबे ठेवलेले असायचे. दुपारी एकला डबे उघडले की सोबत काम करणाऱ्या शबानाच्या घरचा खिचडा आणि माझ्या घरची ज्वारीची भाकरी यांची अदलाबदल ठरलेली.

धंदा काय होता ते सांगतो. समजा एक कारखानदार बॉयलरच्या झडपा बनवतो. त्याला नवीन गिऱ्हाईक पाहिजे. आता झडप कंपनी घेत नाही, कंपनीतला कोणीतरी एक माणूस घेतो. तो कधी खरेदी विभागात असतो, कधी देखभालीच्या, कधी तो मालकाचा पुतण्या असतो. त्याचं नाव, हुद्दा आणि गाव शोधून यादी द्यायची, इतकं आमचं काम. पुढे फोन करणं, माल विकणं हे ज्याचं त्याने पाहायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच सांगत असे: खुर्चीचं नाव शोधू नका, ठरवतो कोण ते शोधा.

शोधायची जागा म्हणजे नोकरदार आणि व्यावसायिक माणसं जिथे आपला फोटो, हुद्दा, कंपनी आणि शिक्षण लावून ठेवतात ती साइट. ज्यांनी वापरली त्यांना नाव सांगायची गरज नाही. तिथे शोधायला बसलं की दोन भिंती लागतात. पहिली हजाराची. तुमच्या शोधात वीस हजार माणसं निघाली तरी साइट दाखवते पहिली हजार. दुसरी भिंत महिन्याची. फुकटच्या खात्यावरून तुम्ही फार शोधायला लागलात, की साइटला कळतं हा माणूस ओळखी वाढवत नाही, धंदा करतो आहे. मग ती शोधाची पहिली तीन नावं दाखवते आणि बाकीच्यांवर पडदा टाकते. पडदा उघडतो पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. किती शोधांनंतर पडणार, हे साइट कुठेच सांगत नाही.

पहिली भिंत मला आवडायची. तिच्यात हिशोब होता. महाराष्ट्रातले खरेदी अधिकारी हजारात मावत नाहीत, तर त्यांचे तुकडे पाडायचे. आधी शहराने. पुणे तरी मावत नाही, मग उद्योगाने, मग हुद्द्याने, मग कोणत्या कॉलेजातून शिकले त्याने. प्रत्येक तुकडा हजाराच्या आत यायला हवा आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज मूळ आकड्याजवळ जायला हवी. नाही गेली तर कुठेतरी फट राहिली. एकदा अशी फट शोधायला मला दोन दिवस लागले होते. नाशिकचे अर्धे लोक आपलं गाव नुसतं "महाराष्ट्र" लिहीत होते! सापडले तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला. शबाना म्हणाली, "काका, तुमाले लॉटरी लागल्यासारकं काऊन वाटून राह्यलं?" वाटत होतं खरं.

दुसऱ्या भिंतीसाठीही सरळ उपाय होते. एकच शोध दोनदा होऊ नये म्हणून मी रजिस्टर ठेवलं होतं: तारीख, शब्द, शहर, निघालेली माणसं. साइटच्या बाहेरच्या साध्या सर्च इंजिनातून शोधलं तर बरीच पानं साइटला न विचारता दिसत. ते नाही तर कारखान्याच्या बोर्डलाइनला फोन करून सरळ विचारायचं, "साहेब, देखभाल कोण पाहतं?" दहातले चार जण सांगत. आणि गिऱ्हाईकही नाना तऱ्हेची. एकाने लिहून पाठवलं होतं, "सध्याच्या पुरवठादारावर नाराज असलेल्यांचीच यादी द्यावी." सरांनी त्याला नम्रपणे कळवलं की नाराजीचा रकाना त्या साइटवर अजून आलेला नाही.

मग आम्ही खाती मागायला लागलो.

त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. आपल्याकडे लग्नाला शेजाऱ्याची सतरंजी येते, साडूची मोटारसायकल येते. तशीच साडूचं खातं आलं, माझ्या शिक्षक मित्राचं आलं, शबानाच्या भावाचं आलं. "वापरत नाई ना तू? मंग दे ना." असा एका वाक्याचा व्यवहार. प्रत्येक खात्याला रजिस्टरमध्ये नंबर, पुढे दर्जा, पुढे महिन्यात किती शोध झाले. साइटच्या नियमात हे बसत नव्हतं. मला ते माहीत होतं. मी कुणाच्या नावाने खोटं खातं काढत नव्हतो, एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली होती.

नववं खातं माझ्या भाचीचं.

माझी धाकटी बहीण सुमन धामणगाव बढ्याला दिली आहे. तिची प्रज्ञा अन्नतंत्रज्ञानात पदवी घेऊन घरी आली होती. तिच्या घरातली ती पहिली पदवीधर. अकरा महिने झाले होते, नोकरी नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत बायका सुमनला विचारायच्या, "पोरगी अजून घरीच हाय का वं?" आणि सुमन विषय बदलायची.

प्रज्ञाचं खातं आमच्यासाठी बाकी आठांपेक्षा मोलाचं का, ते सांगायला हवं. ती साइट सगळ्यांना सगळी माणसं सारखी दाखवत नाही. ओळखीच्या ओळखीपर्यंत नीट दाखवते, पुढची धूसर. साडूच्या ओळखी विमा एजंटांच्या. प्रज्ञाच्या चारशे बारा ओळखी मात्र सगळ्या अन्नप्रक्रियेतल्या: वर्गमैत्रिणी, सीनियर, प्राध्यापक, आणि हे सगळे आता डाळ मिल, मसाला, बिस्किटांच्या कारखान्यांत लागलेले. आणि त्याच महिन्यात आमच्याकडे सलीमभाई आले होते.

सलीमभाईंचं नांदुऱ्याला धान्य साफ करायची यंत्रं बनवायचं वर्कशॉप. सहाव्या खुर्चीवरचे डबे उचलायला लावणारे ते पहिले गिऱ्हाईक. म्हणाले, "मी चोवीस तारखेले इंदूरकडं निंगून राह्यलो. डाळ मिलवाल्याईचे साठ नावं द्या मले. फोन-बिन नका करू तुमी. बोलाले मी हाओ ना!"

मी प्रज्ञाला फोन केला. ती म्हणाली, "घ्या ना मामा, त्यात काय इचारता. मी तं सकाळ-संध्याकाळ पाह्यतो फक्त, कोन्या कंपनीचं काई आलं का." आणि तिने पासवर्ड सांगितला. मी कबूल केलं होतं, दिवसाला वीस शोध, जास्त नाही.

एकवीस तारीख, सोमवार. यादीत एकोणतीस नावं. बाकी खात्यांवर पडदे पडलेले. मी प्रज्ञाच्या खात्यावरून अकरा वाजेपर्यंत त्र्याहत्तर शोध केले आणि एकामागून एक पानं उघडत गेलो. एकाच खोलीतून, एकाच इंटरनेटवरून इतकी खाती चालताना साइटला दिसत असणारच. सव्वाअकराला पाटी आली: या खात्यावर बंधन घातलं आहे, ओळखपत्र सादर करा. लगोलग आणखी तीन खाती गेली, त्यात सरांचं पैसे भरून घेतलेलंही होतं.

दुपारी प्रज्ञाचा फोन आला. "मामा, माझं उघडून नाई राह्यलं."

"उघडते उद्या आपोआप," मी म्हणालो.

हे मी अंदाजाने बोललो. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे मी सांगितलं नाही. मंगळवारीही तेच उत्तर दिलं. बुधवारी सकाळी साडेदहाला ती स्वतः ऑफिसच्या दारात उभी. गावाहून मोताळामार्गे राजूर घाट चढून आलेली, हातात आधार कार्ड.

"सोमवारी मेसेज आलता मामा," ती म्हणाली. तिने फोन पुढे केला. मेसेजची सूचना आली होती, आतला मेसेज उघडत नव्हता. दिसत होती एवढीच ओळ: "नमस्कार प्रज्ञा, तुमचा अर्ज पाहिला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मुलाखतीला येऊ शकाल का? तुमचा चालू फोन नंबर..." पुढे टिंबं. पाठवणाऱ्याचं नाव, मीनल के. कंपनीचं नाव नाही. प्रज्ञाने अकरा ठिकाणी अर्ज केले होते, साइटवरचं बटण दाबून, आणि त्या अर्जांवर नंबर होता हॉस्टेलच्या काळातला, केव्हाच बंद झालेला.

गुरुवार म्हणजे उद्या.

आम्ही ओळखपत्र चढवलं. साइटने कळवलं, पडताळणीला काही दिवस लागतील. तेवढ्यात प्रज्ञाची नजर टेबलावर गेली. रजिस्टर उघडंच होतं. माझ्या अक्षरात लिहिलेलं: खाते क्र. ९. दर्जा उत्तम. शोध ७३. बंद.

तिने ते दोनदा वाचलं.

"मी नऊ नंबर हाओ का मामा?"

शबाना उठून पाणी आणायला गेली. मला बारा वर्षांत त्या रजिस्टरची लाज वाटली ती त्या एका मिनिटात. एरवी मी ते लोकांना दाखवत असे.

संदीप सरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "दादा, आज सलीमभाईचं राहू द्या. ही बाई शोधा." मी सलीमभाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं, यादी अपुरी राहील म्हणालो. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "अहो, पोरीचं पाह्या आंधी! माह्या मशिनी काय उडून चालल्या का?"

मग आम्ही बसलो. प्रज्ञा अकरा कंपन्या वाचत होती, मी लिहीत होतो. इतकी वर्षं मी विकणाऱ्यांसाठी घेणारा शोधला. त्या दिवशी माझ्या भाचीला शोधणारी बाई मला शोधायची होती, आणि शोधायची सगळी दारं मीच बंद करून ठेवलेली. प्रज्ञाच्या एका मैत्रिणीला स्वतःच्या खात्यावरून पाहायला लावलं. मीनल के. नावाच्या ढीगभर बायका निघाल्या, पण या अकरा कंपन्यांतली भरती पाहणारी एकही नाही. बाहेरच्या सर्च इंजिनातून शबानाने पाहिलं, तिथेही नाही. राहिला बोर्डलाइनचा फोन.

एक ते चार, कोणी मीनल नाही. पाचव्या ठिकाणी फोन उचलला नाही. सहावीत मृणाल निघाली. सातवीतला माणूस म्हणाला, एचआर मुंबईला आहे. दुपारचे दोन वाजले. डबे कोणी उघडले नव्हते. आठवीचा नंबरच चुकीचा होता.

नववी, जळगावकडची एक मसाल्याची कंपनी. मी पाठ झालेलं वाक्य म्हटलं, "एचआरच्या मीनल मॅडमना देता का?"

"एचआरला कोणी मीनल नाही," तिकडची बाई म्हणाली. मी फोन ठेवणार, इतक्यात शबानाने माझ्या हाताला धरलं आणि स्वतःच फोनमध्ये वाकून विचारलं, "मॅडम, एचआर नको. दुसऱ्या कोण्या खात्यात मीनल आहे का?"

"क्वालिटीला आहेत ना. लावून देऊ?"

मी पहिल्या दिवशी प्रत्येकाला शिकवलेली गोष्ट सकाळपासून विसरलो होतो. प्रज्ञाने अर्ज केलेली जागा क्वालिटीतल्या सहायकाची होती, ठरवणारी क्वालिटीची प्रमुख होती, आणि आम्ही साडेतीन तास एका खुर्चीचं नाव शोधत होतो. प्रज्ञाच्या मैत्रिणीने काढलेल्या ढिगात ती बाई होतीच. भरती न पाहणाऱ्या वगळ, असं आम्हीच मैत्रिणीला सांगितलं होतं.

फोन लागला. मी नाव-गाव सांगितलं, खातं बंद पडलं म्हणून उत्तर देता आलं नाही म्हणालो.

"का बंद पडलं?" मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता, चौकशी होती.

"मी माझ्या धंद्यासाठी वापरलं मॅडम. चूक माझी आहे. तिची काही नाही."

"तुम्ही तिचे कोण?"

"मामा."

"ती कुठे आहे?"

"इथेच बसली आहे. समोर."

"मग ती का बोलत नाही?"

मी समोर पाहिलं. सकाळपासून ती सहाव्या खुर्चीवर बसून आम्ही मागू ते सांगत होती, आणि आम्ही तिघं तिच्या नोकरीमागे धावत होतो. एकदाही मी म्हटलं नव्हतं, घे, तू विचार. मी फोन तिच्या हातात दिला.

ती उभी राहून बोलली. घरी बोलते तशी नाही, स्पष्ट, नेमकी. अर्ज कोणत्या तारखेचा, प्रकल्प कशावर केला, मसाल्यातला ओलावा मोजायची कोणती पद्धत हाताने केलेली आहे. सात मिनिटं. मामाचं नाव एकदाही निघालं नाही. मग म्हणाली, "हो मॅडम. नक्की. नंबर लिहून घ्या," आणि नवीन नंबर सांगितला.

फोन ठेवून ती खाली बसली. "उद्याची जागा त्यायनं दुसरीले देल्ली. काल वाट पाह्यली म्हने संध्याकाळपर्यंत. पुढची निंगाली की सांगतो म्हने."

मी म्हणालो, "मी येतो तुह्यासोबत जळगावले. समोर जाऊन सांगू."

"नको मामा," ती म्हणाली. "आता तुमी काई नका करू."

अडीचच्या बसला मी तिला पोचवायला गेलो. तिने खिडकीशी जागा धरली आणि बस निघेपर्यंत माझ्याशी सुमनच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिली. मला ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

सलीमभाईंना मी एक्केचाळीस नावं दिली. ते इंदूरला गेले आणि त्यांचं काम झालं. नंतर कधी भेटले की पहिला प्रश्न "पोरीचं झालं काय?"

झालं. मीनल मॅडमचा फोन आला, थेट प्रज्ञाला. त्या बुधवारपासून एकशे तेवीस दिवसांनी. तेवढे दिवस मी मोजले आहेत. ती आता तिथेच क्वालिटीला आहे. तिच्या हाताखाली दोघी आहेत. तिचं जुनं खातं मात्र साइटने शेवटपर्यंत उघडलं नाही. चार वर्षं एकेक करून जोडलेल्या चारशे बारा ओळखी गेल्या त्या गेल्याच. तिने शून्यापासून नवीन खातं काढलं.

त्या आठवड्यात मी उरलेली सगळी उसनी खाती ज्यांची त्यांना परत केली, पासवर्ड बदलायला लावले. याद्यांना वेळ जास्त लागू लागला, दोन गिऱ्हाइकं तुटली, आणि आम्ही बोर्डलाइनला फोन करण्यात तरबेज झालो. पुढची चार वर्षं माझ्या मते आमच्या ऑफिसची सगळ्यात चांगली होती. शबाना तर फोन उचलणाऱ्या बाईच्या आवाजावरून सांगायची, ही सांगेल, ही नाही सांगणार.

आता ते ऑफिस नाही. शोधाचं काम यंत्रं चुटकीसरशी करतात, संदीप सर पुण्याला परत गेले, शबानाचं लग्न होऊन ती अकोल्याला असते. त्या खोलीत मुलांचे स्पर्धा परीक्षेचे वर्ग भरतात. बसस्टँडवरून जाताना वर पाहिलं की खिडकी दिसते. तुकड्यांची बेरीज जुळल्यावर त्या खोलीत जो आनंद व्हायचा, तो मला पुढे कशात मिळाला नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

प्रज्ञा सणावाराला येते, पाया पडते, माझ्या बायकोशी तासभर बोलते. त्या दिवसाचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. साइट मला अधूनमधून तिचा फोटो दाखवून विचारायची, यांना ओळखता का? मी बटण दाबत नसे. तिच्या नव्या यादीत जायचं की नाही, हे मी ठरवायचं नव्हतं.

मागच्या वर्षी तिच्याकडूनच आमंत्रण आलं. खाली एक ओळ होती: "मामा, पासवर्ड सोडून काईबी मागा."

मी स्वीकारलं. अजून काही मागितलेलं नाही.